अमृतसरच्या स्मशानात

सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग पाहून आम्ही दुर्गियाना मंदिराजवळच्या स्मशानात गेलो. त्या दिवशी तेथे एक चिता जळत होती. भोवती घरची माणसे उभी होती.

वाचकहो, दहशतवादाच्या काळात पोलिसांनी येथे कित्येक प्रेते ‘बेवारस’ म्हणून गुपचूप जाळली. बँकेत नोकरी करणाऱ्या जसवंतसिंग खालरांनी स्मशानातील लाकडांच्या नोंदी तपासून ते उघडे पाडले. १९९५ साली पोलिसांनी त्यांनाही घरून उचलून ठार केले. पुढे सीबीआयने जिल्ह्यातील तीन स्मशानांत असे २,०९७ अंत्यविधी मोजले.

अतिरेक्यांनीही निरपराध मारले, हे खरेच. पण परदेशी कसाबला आपण वकील दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचे ऐकले, मगच २०१२ साली फाशी दिली. संशयावरून नेलेल्या आपल्याच नागरिकांना न्यायालयाची पायरीही दिसू नये? सीबीआयच्या यादीत १,२३८ प्रेतांची तर ओळखही पटलेली नव्हती.