डायल टोन

मारतहळ्ळी, बंगळूर, १२ ऑक्टोबर २००२

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. खोली मारतहळ्ळीच्या पुलाजवळ, एअरपोर्ट रोडवरून आत. विमानं इतकी खालून जातात की चाकं दिसतात; तेवढा वेळ बोलणं थांबवायचं. घरमालकीण अम्मांनी त्यांच्या फोनवरून इंटरनेट लावायला परवानगी दिली आहे. कॉल मोजून पैसे द्यायचे.

पण लागतच नाही. भिंतीवर फोनची जुनी रोझेट, आत दोन स्क्रू. लॅपटॉपच्या वायरीचं प्लास्टिकचं टोक तिला कुठून बसणार? मग ते कापलं, मधल्या लाल-हिरव्या तारा नेलकटरने सोलल्या आणि स्क्रूखाली पिळून घट्ट केल्या, तुम्ही करायचात तशाच. रिसीव्हरमध्ये टोन अगदी स्वच्छ येतो. लॅपटॉप मात्र म्हणतो, डायल टोन नाही. तीन वेळा तारा सोडून बांधल्या. फार राग आला. मला ऐकू येतंय आणि हा नाही म्हणतो!

१५ ऑक्टोबर

बाबा, उलगडा झाला! ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. लॅपटॉप अमेरिकेतून आलेला. त्याचं मोडेम तिकडचा टोन शोधतं, ३५० आणि ४४० हर्ट्‌झ एकत्र. आपल्या एक्स्चेंजचा ४०० चा, त्यावर २५ ची थरथर. म्हणजे ज्या घुरघुरीला तुम्ही मला लहानपणी रिसीव्हर कानाला लावून ‘एक्स्चेंज जागं आहे’ म्हणायचात, ती याच्या लेखी शांतताच. उपाय एवढाच की टोनची वाट न पाहता नंबर फिरव, असं सेटिंगमध्ये सांगायचं. नाहीतर एक्स-३ ही आज्ञा द्यायची.

नंबर फिरला, चिरचिर झाली, मग तो लांब खरखराट, आणि ४४ किलोबिटला जोडलं गेलं. अम्मा दारातून ‘बंतु, बंतु!’ म्हणाल्या, म्हणजे ‘आलं, आलं!’ मला त्या क्षणी तुम्ही हवे होतात. १९९५ च्या १५ ऑगस्टला आपल्याकडे इंटरनेट सुरू झाल्याचं पेपरातलं कात्रण तुम्ही मला दाखवलं होतं, ते आठवलं.

आईसाठी खोलीचा फोटो पाठवलाय, सायबर कॅफेत जाऊन उघडा. मोडेम ५६ चं असलं तरी पाठवताना ३३.६ च्या वर जात नाही, म्हणून एका फोटोला पाच मिनिटं लागली. रात्री नऊ ते साडेनऊ फोन करू नका, एंगेज लागेल. इथे रोज संध्याकाळी पाऊस येतो. वीज चमकली की मी वायर काढून ठेवते.

तुमची,
माई