कळण्याचं दळण

आईचे हात दुखू लागल्यावर जळगावच्या आमच्या घरात दळणाचं काम माझ्याकडे आलं. गव्हाच्या दळणात चुकण्यासारखं फारसं काही नसतं, कळण्यात असतं. ज्वारी आणि सालासकट अख्खे काळे उडीद एकत्र करायचे, खडेमीठ आणि थोड्या मेथ्या टाकायच्या आणि गिरणीत द्यायचं. आमच्या घरी 4 किलो ज्वारीला 1 किलो उडीद हे माप ठरलेलं होतं. ते मी बदललं.

उडदात प्रथिनं 24 टक्क्यांच्या आसपास, ज्वारीत साधारण 10. ज्वारीत कमी पडणारं लायसिनही उडदात भरपूर असतं. हे वाचलं आणि मला वाटलं, उडीद वाढवले की भाकरी चवीला आणि अंगाला लागायला, दोन्हींत सरस होणार. निम्मे उडीद घातले. पीठ परातीला आणि बोटांना चिकटून बसलं. थापताना कोरडं पीठ लावावं तेवढं थोडं, त्यामुळे भाकरी जाड झाली, वरून करपली, आत ओली राहिली. घास दाढांना लुगदीसारखा चिकटायचा. रात्री आईचं पोट फुगलं, ती झोपली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिने दळण नेतानाच मला अडवलं होतं.

मग मी उडीद भाजून घेतले. घरभर वास सुटला, पण भाकरी हातातून तव्यावर पडेपर्यंत फाटू लागली. गव्हासारखं ग्लुटेन ज्वारीत नसतं. भाकरी सांधून ठेवतं ते गरम पाण्याने फुललेलं पिष्ट आणि कच्च्या उडदाचा बुळबुळीत चिकटपणा. त्यातला एक आधार मी भाजून घालवला होता.

त्याहून मोठी चूक चव बघण्यातली. नवं पीठ आलं की पहिली भाकरी मी ठेच्याबरोबर खायचो. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वर तेलाची धार. ठेचा जमला की मला भाकरीही जमल्यासारखी वाटायची. भरताबरोबरही तेच. आई धुळ्याकडची, मनातलं बोलायचं तर अहिराणीतच बोलते. ती म्हणाली, ‘कोरी खाईसन दख रे.’ कोरी, आणि तीही गार झाल्यावर. तशी खाल्ली तेव्हा आधी मीठ लागलं, मग उडदाच्या सालीचा तुरट, किंचित मातकट स्वाद. त्यामागून ज्वारीचा गोडवा यायला हवा होता, तो आलाच नाही.

कारण ज्वारीच बदललेली होती. पूर्वी आमच्याकडे दादर यायची. तापीच्या खोऱ्यातल्या खोल काळ्या जमिनीत पावसाळा सरल्यावर पेरतात ती, रब्बीत जमिनीतल्या ओलीवर पिकणारी, टपोऱ्या पांढऱ्या दाण्याची. तिची भाकरी नुसतीही गोड लागते. स्वस्त पडते म्हणून मी खरिपाची संकरित ज्वारी आणू लागलो होतो आणि तिचा फिकेपणा उडदाने भरून काढायला बघत होतो. तो तसा भरून निघत नाही, उडीद फक्त उडदाचीच चव वाढवतात. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, ज्वारीचं सगळीकडे कौतुक चाललेलं. मीही ते आवडीने वाचत होतो, पण माझ्या लेखी सगळी ज्वारी एकच होती. खान्देशात वाढलेल्या माणसाला हा फरक ठाऊक असायला हवा होता.

आता नवी ज्वारी आणली की आधी तिची एकटीची भाकरी करतो आणि गार करून खातो. ती गोड असेल तर उडीद जुन्या मापाने, थोडे कमीच. फिकी निघाली तर त्या ज्वारीचं कळणं करत नाही, ती रोजच्या जेवणात भाजीबरोबर खपते. दळण थोडं थोडं आणतो, कारण पीठ जुनं झालं की विरी जाते, आणि मग ते कितीही गरम पाण्यात मळा, कडा चिरतातच. मीठ बेताचं जमलंय. मेथ्यांचं अजून चुकतं. ताज्या भाकरीत त्या जाणवत नाहीत, सकाळच्या शिळ्या तुकड्यात कडवटपणा वर येतो. पुढच्या दळणात निम्म्या टाकून बघणार आहे.