तिसऱ्या मालकाला मेसेज येत नाही

टोमॅटोच्या हंगामात सकाळी नारायणगावच्या उपबाजारात उभं राहून बघा. क्रेटवर क्रेट रचलेल्या पिकअप नजर जाईल तिथपर्यंत दिसतात. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या आहेत. हे मी अंदाजाने बोलत नाही. माझं छोटंसं दुकान आहे, तिथे मी गाड्यांचे इन्शुरन्स, पासिंगचे ऑनलाइन फॉर्म, नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म ही कामं करतो. गाडी चालवणाऱ्यापेक्षा तिचे कागद मला जास्त ओळखीचे असतात.

आज लिहायचं कारण म्हणजे रिकॉल. पेपरात कोपऱ्यात बातमी येते, अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या परत बोलावल्या. आपण वाचतो आणि पान उलटतो, कारण ते कारवाल्यांचं काहीतरी असेल असं वाटतं. तसं नाहीये. २०२१ मध्ये महिंद्राने २९,८७८ पिकअप तपासणीसाठी बोलावल्या होत्या. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या त्या गाड्यांत फ्लुइडची एक पाईप नीट बसली नसावी अशी शंका होती. मारुतीच्या सुपर कॅरीचं २०१८ मध्ये फ्युएल फिल्टरसाठी झालं, ५,९०० गाड्या. पुन्हा २०२२ मध्ये ५,००२ गाड्या, शेजारच्या सीटच्या बेल्टचं बक्कल धरणारा बोल्ट पुरेसा आवळलेला नसावा म्हणून. आता तो बोल्ट म्हणजे काय मोठी गोष्ट, असं वाटेल. पण आपल्याकडे त्या शेजारच्या सीटवर कोण बसतं? घरची बाई, पोरगं, नाहीतर पहाटेपासून क्रेट उचलून पेंगलेला गडी.

मागच्या वर्षी आमच्या आळीतले एक तात्या इन्शुरन्सला आले. गाडी तिसऱ्या मालकीची, संगमनेरकडून घेतलेली. (कंपनीचं नाव लिहीत नाही, विषय तो नाही.) चेसिस नंबर हातात होताच, म्हणून कंपनीच्या साइटवर टाकून बघितला. रिकॉल बाकी! स्टिअरिंगच्या खालचा एक जोड तपासायचा होता. निरोप निघून दोन वर्षं झालेली. या दोन वर्षांत तात्या त्याच गाडीने माल भरून आठवड्यातून तीनदा माळशेज घाट उतरत होते. रात्री.

मी सांगितलं तर तात्या चिडले. "कंपनी गाडी परत घेणार म्हणजे? मग भाडं कशावर मारू? हप्ता कोण, तू भरणार का?"

हा गैरसमज सगळीकडे आहे. 'परत बोलावली' या शब्दानेच घोळ होतो. गाडी कोणी काढून घेत नाही. कंपनी म्हणते, गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, हा पार्ट आम्ही तपासतो, लागला तर बदलतो, पैसे घेत नाही. काम बहुतेक वेळा काही तासांचं असतं. दुसरी भीती तात्यांनी जरा हळू आवाजात सांगितली. लोकांना कळलं तर गाडीची किंमत उतरेल. उलट आहे, तात्या. रिकॉलचं काम झाल्याचं जॉब कार्ड फाईलला असेल तर घेणारा दोन पैसे कमी करायला तोंड उघडणार नाही.

मग आम्ही पहिल्या मालकाला फोन लावला, त्याचा नंबर जुन्या कागदांवर होता. तो म्हणाला, "हो, आला होता की मेसेज. पण गाडी तर मी कधीच विकली, म्हणून डिलीट केला." त्याचं काय चुकलं? काहीच नाही. कंपनीकडे नाव त्याचंच. मधला मालक तर एजंटच्याच मार्फत घेऊन एजंटच्याच मार्फत विकून मोकळा झालेला. म्हणजे निरोप गेला, पण ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला सोडून.

सर्व्हिस सेंटरला मी तात्यांबरोबर गेलो. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन बघून सांगितलं, "काका, वॉरंटी संपलीय, आणि गाडीची हिस्टरी आमच्याकडे नाही. आधी पूर्ण सर्व्हिसिंग करा, मग बघू." तात्या उठायलाच लागले होते. मी मोबाइलवर कंपनीचंच पान दाखवलं आणि म्हटलं, काम नाकारताय असं लेखी द्या. मॅनेजर बाहेर आले. दुपारी चारपर्यंत गाडी तयार, बिल शून्य. रिकॉलचा वॉरंटीशी आणि फ्री सर्व्हिसशी संबंध नाही. बनवतानाच राहिलेला दोष आहे तो. बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलं म्हणून तो तुमच्या माथी येत नाही.

त्यानंतर आळीतल्या सात गाड्यांचे नंबर टाकून बघितले. अजून एक निघाली.

चेसिस नंबर टाकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. म्हणजे 'ओ' सारखं दिसतं ते शून्य आणि 'आय' सारखं दिसतं तो एक. अर्धे लोक इथेच अडकतात आणि 'माहिती मिळाली नाही' असं आलं की गाडी चांगली आहे समजून निघून जातात. जुन्या पॉलिसीवरून नंबर उतरवू नका, तिथे टायपिंगच्या चुका फार. आरसीवरून घ्या, आणि चेसिसवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा. ज्या कंपनीच्या साइटवर ही सोय नाही, तिच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगा आणि 'काही कॅम्पेन बाकी आहे का' असं विचारा. त्यांच्या भाषेत रिकॉलला बऱ्याचदा 'कॅम्पेन' किंवा 'तपासणी मोहीम' म्हणतात, त्यामुळे 'रिकॉल आहे का' विचारलं की समोरचा नाही म्हणून मोकळा होतो.

आता कायद्याचं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं. त्यानुसार केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. कंपनीने पैसे परत द्यायचे, किंवा तशीच दुसरी गाडी द्यायची, किंवा दुरुस्त करून द्यायची. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले, दंड एक कोटी रुपयांपर्यंत. ऐकायला जोरदार आहे. पण पेपरात आपण वाचतो ते रिकॉल बहुतेक कंपन्यांनी स्वतःहून केलेले असतात, आणि या नियमांत धरल्या जातात त्या सात वर्षांच्या आतल्या गाड्या. आपल्याकडे पिकअप सात वर्षांनी कुठे रिटायर होते? तेव्हा तर ती तिसऱ्या मालकाकडे येते.

जुन्या पिकअप मागे राहतात हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत रिकॉलचं पत्र नोंदणीवरच्या मालकाच्या घरी पोस्टाने जातं. तरी जानेवारी २०१८ मध्ये फोर्डला २००६ सालच्या सुमारे २,९०० रेंजर पिकअपच्या मालकांना सांगावं लागलं, गाडी चालवूच नका. टाकाटा कंपनीची एअरबॅग फुटून दोन रेंजरचालकांचा जीव गेला होता. बारा वर्षं जुन्या गाड्या त्या!

आपल्याकडे मला खटकतं ते वेगळंच. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आजचा मालक नोंदलेला आहे. कोणत्या चेसिस नंबरचं काम बाकी आहे ते कंपनीकडे आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी मालवाहू गाडी पासिंगला जातेच. तिथे ब्रेक, लाइट, रिफ्लेक्टर टेप सगळं बघतात. मी इतक्या वर्षांत इतक्या गाड्यांचे फॉर्म भरले, एकदाही कोणी विचारलं नाही की बाबा रे, हिचं रिकॉलचं काम झालंय का. टेप नवी नसेल तर गाडी माघारी पाठवतात. पासिंगच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, नावावर करतानाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा. याला किती खर्च येणार? तालुक्यातल्या वाहतूकदार संघटनांनी आरटीओकडे आणि आमदार-खासदारांकडे हे लेखी मागितलं पाहिजे. निवेदनाचा मसुदा मी फुकट टाइप करून देतो.

तोवर आपण करू शकतो ते असं. गाडी घेतली की 'वाहन'वर आपला मोबाइल नंबर लावून घ्या, एजंटचा राहू देऊ नका. तिथून सर्व्हिस सेंटरला जाऊन त्यांच्या रेकॉर्डवरही मालक बदलून घ्या, कारण निरोप तिथूनच निघतो. कोणी रिकॉलच्या नावाने फोन करून ओटीपी किंवा पैसे मागत असेल तर तो भामटा आहे. आणि रिकॉल नसतानाही एकच दोष पुन्हा पुन्हा येत असेल, शेजारच्यांच्या त्याच मॉडेलमध्ये तोच येत असेल, तर 'वाहन'वरच मालकाला तक्रार नोंदवता येते. सरकार आदेश काढतं ते तक्रारी किती आल्या हे बघूनच. दहा जण चहाच्या टपरीवर बोलले तर तो आकडा वाढत नाही.

ज्यांना बघता येत नाही त्यांनी आरसी घेऊन दुकानात या, नाहीतर मला मेसेज करा. फक्त आरसीचा फोटो इथे खाली सगळ्यांसमोर टाकू नका. आणि घाटातून माल नेणाऱ्यांनी या हंगामाआधी या, तेव्हा दुकानात गर्दी नसते.