तालीममास्तर

नाटकाला गेलो की माझी एक खोड आहे. खुर्चीत बसल्याबरोबर मी हस्तपत्रिका उघडतो आणि ती खालून वर वाचू लागतो. नायक-नायिकांची नावे ठळक ठशात असतात. ती कुणीही वाचतो. मला हवी असतात ती तळाची बारीक नावे: प्रकाश कुणाचा, रंगभूषा कुणाची, पडदा कुणाच्या हाती. आमच्या सौभाग्यवती हसतात. "नाटक अजून सुरू व्हायचंय, आणि तुमचं आपलं भलतंच!" मी ऐकून घेतो. या खोडीच्या मुळाशी एक जुना अपराध आहे आणि तो मी घरातही आजवर धड सांगितलेला नाही. फराळाच्या ताटाशी बसून अपराधाच्या गोष्टी काढू नयेत हे खरे. पण ही गोष्ट नाटकाची आहे, तेव्हा वाचक सांभाळून घेतील.

साल १९७४. आमचे गाव कृष्णाकाठचे. गणेशोत्सवात हौशी मंडळींनी 'संगीत शारदा' बसवायचे ठरवले. देवल आमच्याच नदीकाठचे, सांगलीजवळच्या हरिपूरचे. तेव्हा ते नाटक म्हणजे गावाला घरचेच कार्य. माझा आवाज असा की आरतीतसुद्धा मी नुसते ओठ हलवावेत. रंग लावण्याजोगे तोंडही नव्हते. साहजिकच माझ्याकडे दोन कामे आली, प्रॉम्प्टरचे आणि चिटणिसाचे.

तालीम द्यायला मास्तर होते. मास्तर म्हणजे खरोखरीचेच मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. रात्री नऊनंतर शाळेच्या मोठ्या वर्गात बाके भिंतीला सरकवून तालीम चाले. पहिल्याच दिवशी त्यांनी एक फर्मान काढले: पंधरा दिवस पेटी उघडायची नाही. "आधी पद बोला. बोलता आलं, की मग गा." आमचा कोदंड गळ्याचा तयार होता आणि त्याला त्याची जाणीवही होती. तो फुरंगटला. मास्तरांनी त्याला विचारले, "या ओळीत तू कुणावर रागावला आहेस?"

"रागावलोय? मास्तर, मी तर भीमपलासात आहे."

"ते दिसतंय मला. तुझा राग उत्तम आहे. पण कोदंडाचा राग कुठाय?"

सगळा वर्ग हसला. कोदंडसुद्धा हसला, आणि त्या रात्रीपासून मुकाट्याने पदे बोलू लागला.

ही रीत आपली नव्हे, देवलांच्या शाळेची, असे मास्तर म्हणत आणि देवलांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावीत. मला त्याचे नवल वाटे. देवल म्हणजे नाटककार, एवढेच मी जाणून होतो. पुढे जुनी पुस्तके चाळू लागलो तेव्हा कळले की त्यांनी उभ्या आयुष्यात नाटके लिहिली ती सातच, आणि त्यांतले संपूर्ण स्वतंत्र असे एकच, 'शारदा'. बाकीच्या सहांना आधार कालिदासाचा, शूद्रकाचा, बाणभट्टाचा, शेक्सपिअरचा, नाही तर दुसऱ्या कुणा परदेशी नाटककाराचा. मग एवढी वर्षे हा माणूस करीत काय होता? तर तालीम देत होता.

गोविंद बल्लाळ देवल जन्मले १८५५ साली. शिक्षणासाठी ते बेळगावला गेले आणि तिथे त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर गुरू लाभले. पुढे स्वतः देवलांनीही शाळेत शिकवले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्याला अण्णासाहेबांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि मराठी नाटकाचा संसारच बदलला. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी नाटक सुरू केले तेव्हा गाण्याचा भार सूत्रधाराने वाहायचा आणि पात्रांनी ऐन वेळी सुचेल तसे बोलायचे, अशी वहिवाट होती. आता भाषणे लिहिलेली आली आणि ज्याचे पद त्यानेच गायचे असे झाले. ऐकायला ही गोष्ट लहान वाटते. पण नटाच्या मागे केवढे संकट लागले! त्याला एकाच वेळी गवईही व्हायचे आणि दुष्यंतही राहायचे. गाणारा नट पदाच्या पहिल्या आलापाबरोबर नाटकातून बाहेर पडतो आणि टाळ्या घेऊन परत येतो. मधल्या वेळात शकुंतला बिचारी एकटी उभी. त्याला पद संपेपर्यंत नाटकातच धरून ठेवणारा कुणीतरी हवा होता. तालीममास्तर हवा झाला तो यासाठी.

'तालीम' हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे पहिलवानाचीही तालीम आणि नटाचीही तालीमच. दोन्हीकडे उस्ताद असतो, दोन्हीकडे घाम असतो, आणि फडात उतरल्यावर टाळ्या मिळतात त्या पठ्ठ्याला. त्या काळी नाटक मंडळी एका बिऱ्हाडी राहायची. प्रत्येकाला त्याची 'नक्कल' मिळे, म्हणजे त्याच्या वाट्याची भाषणे उतरवलेली वही. ती पाठ झाली की तालमी. स्त्रीपार्टी मुलांना पदर सावरण्यापासून सारे शिकवायचे. मान किती वळवायची, नजर कुठे टाकायची, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे सारे तालीममास्तराने आधी स्वतः करून दाखवायचे आणि नंतर विसरून जायचे, कारण नटाने ते आपले म्हणूनच करायला हवे.

१८८५ साली अण्णासाहेब गेले. वय अवघे बेचाळीस; 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले. गुरूने अर्ध्यावर टाकलेले काम शिष्याने उचलावे तसे देवलांनी ते उचलले. त्यांचे वेगळेपण मला वाटते ते हे, की संगीत मंडळीत वाढलेल्या या माणसाने गद्य नटांनाही घडवले. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा त्यांनी 'झुंजारराव' केला आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांना त्याची तालीम दिली. ज्याच्या नाटकात एकही तान नाही त्या नटाला गाण्याच्या घरातला मास्तर बोलायला शिकवतो! पण त्यात विसंगती काही नाही. देवलांना गाणे आणि बोलणे या दोन गोष्टी वाटतच नसाव्यात. 'शारदे'ची पदे पाहा. ती इतकी साधी आहेत की माजघरातल्या बायकांनी ती दळणकांडणाच्या गाण्यांसारखी सहज उचलली.

ती 'शारदा' १८९९ साली इंदूरला प्रथम रंगभूमीवर आली. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशासाठी पोर विकायला निघालेला कांचनभट आणि मधे लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. हे घराघरांत घडत होते, आणि घराघरांतली माणसे ते तिकीट काढून बघत होती. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो. पण आमच्याकडची जुनी माणसे त्याला खुशाल 'शारदा कायदा' म्हणत आणि तो देवलांच्या शारदेवरूनच निघाला असे समजून चालत. चूक खरी, पण किती गोड चूक!

आमच्या तालमी चालू होत्या आणि चिटणीस या नात्याने मी हस्तपत्रिका छापायला दिली. अध्यक्ष, पाहुणे, देणगीदार, पेटी, तबला, रंगभूषा, विजेचे दिवे, एवढेच नव्हे, तर भुजंगनाथाला बसायला ज्यांनी घरचा झोपाळा दिला त्यांचेही नाव मी आठवणीने घातले. मुद्रितेही मीच तपासली. झोपाळेवाल्यांच्या नावातली एक वेलांटी चुकली होती. ती मी दुरुस्त केली.

प्रयोगाच्या रात्री मास्तर विंगेत माझ्या शेजारी उभे होते. माझ्या हातात पुस्तक आणि बॅटरी. त्यांच्या हातात काही नाही. अंधारात त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, प्रत्येक पात्राबरोबर. कोदंडाचे पद रंगले, 'वन्समोअर'चा गलका झाला. पोराने आशेने विंगेकडे पाहिले. मास्तरांनी मान हलवली, नाही. तो क्षणभर घुटमळला आणि पुढचे वाक्य बोलला. गलका थांबला, आणि जी शांतता पसरली ती मी कधी विसरणार नाही. शारदेचे काम आमच्या शाळेतल्या नव्या बाई करीत होत्या. आईपुढे ती काही न बोलता उभी राहते तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी पदर तोंडाशी धरून रडू लागल्या. अकराव्या वर्षी त्या बिजवराला दिलेल्या होत्या, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. साठ वर्षांत त्यांना रडताना मात्र कुणी पाहिले नव्हते.

नाटक संपल्यावर हारतुरे झाले, सर्वांचे आभार मानले गेले. मास्तर खुर्च्या उचलायला मदत करीत होते. जाताना त्यांनी जमिनीवर पडलेली एक हस्तपत्रिका उचलली, पाठपोट पाहिली, चौघडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "शाई चांगली वापरली आहे हं छापखान्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना माझ्या लक्षात आले. सगळ्या गावाचे नाव त्या कागदावर होते. ज्याने नाटक उभे केले त्याचे नव्हते.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. मी तोंड उघडले, तोच ते म्हणाले, "तिसऱ्या अंकात कोदंड जरा लवकर वळतो. पुन्हा केव्हा प्रयोग झाला तर ते बघायला हवं." आणि मग ते त्या वळण्याविषयीच बोलत राहिले. मी चहा पिऊन परत आलो. सांगू पुढे केव्हातरी, असे म्हणत वर्ष गेले. पुढचा गणेशोत्सव यायच्या आत मास्तर गेले.

देवलांची अखेरही मला नेहमी मास्तरांच्या शेजारी आठवते. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि थकलेले देवल या नव्या बिऱ्हाडीही तालीम देऊ लागले. आपल्या जुन्या गद्य प्रहसनाला पदांची जोड देऊन त्यांनी 'संशयकल्लोळ' सिद्ध केले. १४ जून १९१६ रोजी ते वारले. संगीत 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांनी महाराष्ट्राला हसवून हसवून बेजार केले. तो हशा ऐकायला मास्तर विंगेत नव्हते. १४ जूनला नाट्य परिषद देवलांच्या नावे पुरस्कार देते, ते योग्यच आहे. पण छापून राहिली ती नाटके. तालमी छापता येत नाहीत. त्या फाल्गुनरावाच्या एखाद्या भुवईत राहिल्या असतील, आणि ती भुवई पाहून दुसरा कुणी फाल्गुनराव शिकला असेल.

मास्तरांच्या सूनबाईंनी त्यांची 'शारदे'ची प्रत मला दिली. तिच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणे आहेत. बहुतेक नटांसाठी आहेत. शारदा आईपुढे उभी राहते त्या जागी मात्र माझ्यासाठी एक आहे: 'प्रॉम्प्टरने येथे वाक्य सांगू नये. ती विसरलेली नाही, गप्प आहे.' त्या रात्री ऐन वेळी त्यांनी माझ्या बॅटरीवर हात ठेवला होता. मला वाटले होते, चुकून लागला.

त्याच पानात ती चौघडी केलेली हस्तपत्रिका होती. मी धडधडत्या छातीने उघडली. तळाशी पेन्सिलीने एक नाव वाढवलेले होते. ते मास्तरांचे नव्हते. पडद्याची दोरी ओढणाऱ्या शिपायाच्या पोराचे होते. तेही मी विसरलो होतो, आणि ते तर मला तोवर आठवलेही नव्हते.

गेल्या वर्षी हरिपूरला गेलो होतो. देवळाच्या पायऱ्यांवरून संगम दिसतो. वारणा येऊन कृष्णेला मिळते आणि पुढे नदीला कृष्णाच म्हणतात. पाणी दोघींचे असते. घरी आल्यावर ती हस्तपत्रिका काढली आणि त्या पोराच्या नावाखाली मास्तरांचे नाव लिहिले. पन्नास वर्षांच्या जुन्या कागदावर नवी शाई थोडी फुटली आहे. फुटू दे.