उजवीकडे गं

कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० मध्ये गाडी शिकले, तेव्हा शेजारी बसणारे काका दिवसातून पन्नासदा एकच वाक्य म्हणायचे, ‘ताई, आपली बाजू सोडायची नाही.’ आपली म्हणजे डावी. ते इतकं अंगात मुरलं की तीस वर्षांनी आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळाबाहेर भाड्याच्या गाडीचं दार उघडून मी ऐटीत आत बसले, तर पुढ्यात स्टिअरिंगच नाही. ते नवऱ्यासमोर होतं. त्याला गाडी चालवता येत नाही. दोघंही क्षणभर तसेच बसून राहिलो.

किल्ली देणारा मुलगा बाहेर उभा राहून हसू दाबत होता. त्याने आरटीओतून आणलेला माझा आंतरराष्ट्रीय परवाना उलटसुलट पाहिला आणि मग विम्याचं सांगू लागला. खडी उडून काच फुटली तर एक विमा, वाळू आणि ज्वालामुखीची राख घासून रंग गेला तर दुसरा. पण वाऱ्याने दार उलटं फाकलं तर कुठलाच नाही. ‘गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबा, दार हाताने घट्ट धरून उघडा, आणि दोन्ही बाजूंची दारं एकदम उघडू नका.’ गाडी चालवण्यापेक्षा ती उभी करण्याचा जास्त घोर मला आजवर कुणी लावला नव्हता. मी निमूटपणे गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचं मोबाइलवर चित्रण केलं. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा इतके बारकावे नसतील.

गाडी ऑटोमॅटिक होती, तरी डावा हात गिअर शोधायला जायचा आणि दारावर आपटायचा. इंडिकेटर द्यायला उजवा हात पुढे गेला की लख्ख उन्हात वायपर सुरू. पहिल्या दिवशी वळणावळणावर मी काच पुसत गेले. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, कारण समोरून गाडी आली की आपली बाजू आपोआप कळते. धोका रिकाम्या रस्त्याचा. पेट्रोल भरून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना, आसपास चिटपाखरू नसतं आणि गाडी आपसूक डावी बाजू धरते. म्हणून नवऱ्याला एकच काम दिलं होतं. तो भक्तिभावाने म्हणायचा, ‘उजवीकडे गं.’

मला एका गोष्टीचा मात्र आधार वाटला. हा सगळा देशच एके काळी आमच्या बाजूने चालायचा. २६ मे १९६८ च्या सकाळी सहा वाजता त्यांनी डावी बाजू सोडून उजवी धरली. अख्ख्या देशाने. त्या पहाटे किती हात चुकीच्या दिशेला गेले असतील, किती जणांच्या शेजारी बसून कुणी ‘उजवीकडे’ म्हणत राहिलं असेल! कुणाच्या तरी आजोबांनी मुकाट्याने गिळलेला तो गोंधळ मी सुट्टी काढून, पैसे मोजून, हौसेने विकत घेतला होता.

आम्ही धरलेला, देशाला वळसा घालणारा हमरस्ता सुमारे १३०० किलोमीटरचा. दक्षिणेकडचा शेवटचा तुकडा जोडला गेला १९७४ मध्ये, कारण तिथे हिमनदीच्या पाण्याचे प्रवाह काळ्या वाळूतून वाट बदलत फिरतात. १९९६ मध्ये बर्फाखाली ज्वालामुखी जागा झाला, आणि महिन्याभराने बर्फाचे डोंगर घेऊन आलेल्या पुराने एक पूल वाहून नेला, एक मोडला. स्काफ्टाफेलजवळ त्या पुराने पिळवटलेल्या पुलाच्या तुळया रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. हात लावून पाहिला. बर्फाचे डोंगर लोखंडाशी असे वागले असतील, तर तिथले पूल साधे, एकेरी का बांधले, हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

त्या एकेरी पुलांनीच माझी परीक्षा घेतली. जो आधी पुलाजवळ पोचेल त्याने आधी जायचं, अशी तिथली रीत. आंबा घाटात वडिलांनी शिकवलेली रीत वेगळी, चढणाऱ्याला आधी वाट. दोन्ही सोप्या. अडचण दिव्याची झाली. एका पुलाच्या पलीकडे एक जीप थांबली आणि तिच्या चालकाने दिवा मारला. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की त्याचा अर्थ लहान मूलसुद्धा सांगेल: थांब, मी घुसतोय. मी थांबले. त्याने पुन्हा मारला. मी आणखी कडेला घेतली. तिसऱ्यांदा मारला तेव्हा नवरा म्हणाला, ‘अगं, तो ये म्हणतोय.’ तोच दिवा, तेवढीच उघडझाप. पूल ओलांडताना त्या माणसाने स्टिअरिंगवरची चार बोटं उचलली. माझे कान मात्र तापले होते. इतकी वर्षं मी समोरच्यांवर डोळे वटारत आले होते, ते आठवलं.

जूनचे शेवटचे दिवस, त्यामुळे रात्र होतच नव्हती. अकरा वाजता पिवळं, तिरपं ऊन. हे फार फसवं. आपण थकलोय हे आपल्याला अंधार सांगतो; तो आलाच नाही, तर पाय ॲक्सिलरेटरवर तसाच राहतो. दुसऱ्या रात्री उताराला एक मेंढी रस्त्याच्या कडेला चरताना दिसली. वेग नव्वदीच्या आतच होता. नवरा गप्प, पाहिलं तर झोपलेला. तेवढ्यात समोरच्या कडेचं कोकरू आईकडे धावलं. गाडी थांबली ती त्याच्यापासून दोन हातांवर. त्याने माझ्याकडे पाहिलं, दूध प्यायला लागलं. मी दिवे तसेच ठेवून (तिथे दिवसाही लावायचेच असतात) पंधरा मिनिटं तिथेच एका मोकळ्या फाट्यावर बसून राहिले. नंतर आम्ही ठरवलं, ऊन असो नसो, नऊ वाजता मुक्काम.

शेवटच्या दिवशी पुन्हा एक एकेरी पूल आला. मी आधी पोचले होते, पलीकडे एक लाल गाडी संकोचून उभी. म्हटलं, आज आपण बोलू त्यांच्या भाषेत. दिवा मारायला हात पुढे केला. उजवा. काचेवर साबणाच्या पाण्याचे दोन फवारे उडाले आणि वायपर खडखडत फिरू लागले.

लाल गाडीला त्यातून जे समजायचं ते समजलं. ती पुलावर आली.