महालांचे दिवस

एप्रिल २०२४मध्ये एअर इंडियाच्या उरल्यासुरल्या जंबो विमानांपैकी एक मुंबईहून अमेरिकेकडे कायमचे निघून गेले. ते विकले गेले होते. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने त्याचे पंख एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला झुकवले. तो निरोप होता. ती चित्रफीत आम्ही उभयतांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून तीनदा पाहिली. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. विमानविद्येत आम्हांला गती नाही. तरीही मन जड झाले, आणि ते का झाले याचा शोध घ्यावासा वाटला.

आमच्यापैकी एकाचे बालपण कुर्ल्याच्या चाळीत गेले. सहारला उतरणारी विमाने डोक्यावरूनच जात. जंबो आले की मुले गॅलरीत धावत. त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या लाल कमानी रंगवलेल्या असत. नावेही सम्राटांची – अशोक, शाहजहान, राजेंद्र चोल. १९७१मध्ये आलेले पहिले जंबो, ‘सम्राट अशोक’, १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळून २१३ माणसे गेली. मोठी माणसे त्याविषयी आवाज उतरवून बोलत. चाळीतले कोणी त्या विमानात बसलेले नव्हते, तरी ते ‘आपले’ होते. भव्य ते आपोआप टिकते, अशी आमची भाबडी समजूत बहुधा तिथेच रुजली.

प्रत्यक्षात या महालांचा पाया हिशेबाचा होता. जानेवारी १९७०मध्ये न्यूयॉर्क-लंडन मार्गावर पहिले जंबो प्रवासी घेऊन गेले, तेव्हा एका उड्डाणाचा खर्च साडेतीनशेहून अधिक माणसांत वाटला जाऊ लागला. लांबचा प्रवास सामान्यांच्या आवाक्यात येण्यात या वाटणीचा मोठा हात होता. पण तिला एक अट होती: विमान भरलेले हवे. रिकामी खुर्चीही इंधन खाते, आणि चार इंजिने भूक आवरत नाहीत.

२०००च्या सुमारास दोन कंपन्यांनी भविष्याविषयी दोन निराळे अंदाज बांधले. एअरबसला वाटले, मोजक्या महानगरी विमानतळांवर गर्दी वाढत जाईल. तिने दुमजली ए-३८० घडवले. बोइंगचा भर दोन इंजिनांच्या लहान विमानावर राहिला, जे मधला थांबा टाळून माणसाला थेट मुक्कामी पोचवील. १९८५पासून दोन इंजिनांच्या विमानांना दूरचे सागर ओलांडण्याची मुभा टप्प्याटप्प्याने मिळत गेली होती, आणि प्रवाशालाही थेट जाणेच रुचले. ए-३८०ची अवघी २५१ विमाने ग्राहकांच्या हाती पडली, त्यांतली जवळजवळ निम्मी एकट्या एमिरेट्सच्या. डिसेंबर २०२१मध्ये शेवटचे सुपूर्द झाले. जंबोची संख्या १,५७४वर थांबली; जानेवारी २०२३मध्ये सुपूर्द झालेले शेवटचे जंबो तर मालवाहू होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुबईहून मुंबईला अशाच दुमजली विमानाने परतलो. आमच्या भागात रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या. इंजिनांचा आवाज जेमतेम कानी येई. मधल्या खुर्च्यांचे हात वर करून आम्ही पाय पसरले आणि स्वतःच्या भाग्याचे कौतुक केले. आमचा तो आराम हेच त्या विमानाचे दुखणे होते, हे फार उशिरा कळले.

मग या विमानांना भवितव्य नाहीच का? तसेही नाही. जिथे धावपट्टीवरील प्रत्येक क्षण मोलाचा आहे, तिथे एका उतरण्यात अधिक माणसे आणणाऱ्याला मान राहतो. लंडनच्या हीथ्रोवर वर्षाला ४,८०,००० उड्डाणे-अवतरणांची मर्यादा आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते; २०१४मध्ये भारताने ए-३८०ला परवानगी दिल्यावर ते दिल्लीबरोबर मुंबईलाही लगेच येऊ लागले. महासाथीत वाळवंटी तळांवर ठेवलेली काही ए-३८० विमाने गर्दी परतताच पुन्हा सेवेत आली. लुफ्तान्साने २०२३मध्ये तेच केले. मात्र ही मिळालेली मुदत आहे. नवी घडण बंद आहे, आणि जुनी विमाने झिजतच जाणार.

पुढचे मोठे विमान दोनच इंजिनांचे आहे: बोइंग ७७७-९. ते २०२०मध्ये ग्राहकांना मिळायचे होते. २०२५ सरले तरी मिळाले नाही. त्याची एक गोष्ट मात्र आमच्या मनात घर करून राहिली. त्याचे पंख सुमारे ७२ मीटर पसरतात, पण जमिनीवर त्यांची टोके वर दुमडून विस्तार ६५ मीटरांच्या आत येतो, म्हणजे ते नेहमीच्या जागेत उभे राहू शकते. ए-३८०साठी विमानतळांना आपल्या जागा रुंद कराव्या लागल्या होत्या.

इथे घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या महाविद्यालयात सव्वाशे बाकांचा एक हॉल आहे. एके काळी तिथे मराठीच्या तासाला विद्यार्थी दारात उभे असत. यंदा एम.ए.ला अकरा जण आहेत. हॉलचे तीन भाग करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विभागाच्या वैभवाची आठवण देत आम्ही दोन पानांचा विरोध लिहून दिला होता. त्या दोन पानांत त्या अकरा जणांचा उल्लेखही नव्हता, हे परवा पुन्हा वाचताना ध्यानात आले आणि आम्ही वरमलो. शेवटच्या बाकावरच्या मुलीला फळा दिसत नाही, म्हणून ती पुढे येऊन बसते. मग मागे शंभराहून अधिक बाके उरतात आणि आमचा आवाज त्यांच्यावरून फिरून परत येतो.

गेल्या आठवड्यात आम्ही नवे पत्र दिले. भिंत घाला, पण घडीची घाला, एवढेच मागितले. अकरांना जवळ बसता यावे. आणि कधी सव्वाशे आलेच, तर ती सरकवता यावी. ते येतील असा शब्द आम्ही पत्रात दिलेला नाही.