बुटकी गाडी, जाडा स्वार

आज घरी बनवलेल्या बुटक्या दुचाकीची फ्रेम वाकली. किकसुद्धा मारली नव्हती, नुसता टेकलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, गाडीनं तुम्हाला मुजरा केला." माझे १०८ किलो, आणि सोळा गेजच्या पाइपची जाडी जेमतेम १.६ मिलिमीटर!

लोणी देवकरच्या एमआयडीसीकडून ३ मिलिमीटरचा पाइप आणला. वेल्डरनं विचारलं, "बैलगाडी करताय का?" सीटखाली आणि हँडलच्या नळीपाशी तिकोनी पट्ट्या मारून घेतल्या, वजन तिथंच सांधा उघडतं. चाकं स्कूटरची, १० इंची. इंजिन जुन्या मोपेडचं, ५० सीसी. मागचं स्प्रॉकेट मोठं घेतलं. वेग गेला, ओढ आली. ब्रेक मात्र दोन्ही चाकांना. सुटलेला मी थांबायला नको?

देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकची चारचाकी केली. २०२२ मध्ये महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. माझ्या या ध्यानाला कुणी सायकलही देणार नाही.

पासिंग नाही, म्हणून हायवे नाही. संध्याकाळी उसाच्या कडेनं विहिरीपर्यंत गेलो, गुडघे कानाशी. चेन एकदाच उतरली. परत येईतो बायको कुंकवाची वाटी घेऊन उभी. हसू आवरेना, त्यामुळे टिळा टाकीऐवजी सीटवर लागला.